न्यूयॉर्कचा भाव, पारोळ्याचा काटा

पहाटे ५

न्यूयॉर्कचा कापसाचा वायदेबाजार आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर, एकच्या आसपास बंद होतो. माझा दिवस त्या बंद भावापासून सुरू होतो. एक पाउंड रुईला किती सेंट, एका डॉलरला किती रुपये आणि आदल्या दिवशी जळगाव-धुळ्याच्या जिनिंगवर कापूस काय भावानं गेला, हे तीन आकडे वहीत एका ओळीत उतरवायचे. चौथा रकाना अधिसूचनांचा. सीमाशुल्क मंडळानं किंवा विदेश व्यापार महासंचालनालयानं रात्रीतून काही काढलं आहे का, ते पाहायचं. आज तो रकाना रिकामा आहे. ही नोंद डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यातली. कापसावरच्या आयात शुल्काची माफी ३१ तारखेला संपते आणि पुढं काय, याचा अजून पत्ता नाही.

मी जळगावात अर्थशास्त्र शिकवते. विषय आंतरराष्ट्रीय व्यापार आणि विकसनशील देशांची अर्थव्यवस्था. हा विषय दिल्लीत किंवा जिनिव्हात बसून करायचा, खान्देशात त्याचं काय काम, असं पुष्कळांना वाटतं. मला उलट वाटतं. रावेर-यावलची केळी आखातात जाते. पारोळा-एरंडोलच्या कापसाचा भाव अमेरिकेतल्या पेरणीवर हलतो. साक्रीचा कांदा निर्यातबंदीत सापडतो. जळगावच्या डाळ मिलमध्ये आफ्रिकेची आणि म्यानमारची तूर येते. सराफा बाजारातलं सोनं तर बव्हंशी परदेशातूनच आलेलं. दोन-अडीच तासांच्या टापूत इतका व्यापार पाहायला मिळत असेल, तर संशोधकाला आणखी काय हवं?

पावणेसहा

संशोधन करणारा माझा विद्यार्थी गाडी घेऊन आला. तो यावल तालुक्यातला, घरची केळी आहे. भुसावळ ओलांडलं, तापीचा पूल गेला आणि सावद्याच्या अलीकडं दोन्ही बाजूंना केळीच केळी सुरू झाली. उत्तरेला सातपुड्याची रांग दिसायला लागली. थंडी कडाक्याची आहे आणि ती केळीला मानवत नाही. अशा दिवसांत वाढ थांबते, घड पोसत नाही, सालीवर काळपट छटा येते. आखातातल्या खरेदीदाराला आतला गर कितीही गोड असला तरी ती साल चालत नाही.

सकाळी सव्वासात

रावेर तालुक्यातलं पॅक हाऊस. रात्रीच कापणी झालेले घड आले आहेत. बायका फण्या सोडवतात, पाण्याच्या हौदात चीक धुतला जातो, तुरटीच्या पाण्यातून फण्या काढल्या जातात, पुसून, वजन करून खोक्यात बसतात. एका रिफर कंटेनरमध्ये सुमारे वीस टन माल बसतो. आतलं तापमान साडेतेरा अंशांच्या आसपास ठेवायचं. त्याखाली गेलं तर केळी काळी पडते, वर गेलं तर वाटेतच पिकते. इथून न्हावा-शेवा सुमारे पाचशे किलोमीटर. पुढं समुद्र.

मी इथं आकडे विचारायला येते. पण निम्मं शिक्षण हौदाशेजारी उभं राहूनच होतं. जगात सगळ्यात जास्त केळी भारतात पिकते, जगाच्या उत्पादनाच्या जवळपास चौथा हिस्सा. निर्यातीत मात्र पहिला नंबर इक्वेडोरचा, आणि आपला वाटा फार लहान. पुस्तकी उत्तर असं, की आपला माल आपल्याच देशात खपतो. ते खरं आहे. दिल्लीच्या आझादपूर मंडीला जाणारी रावेर-सावद्याची केळी पाहिली की पटतं. पण ते अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं या हौदाशेजारी सापडतं. घड झाडावर असतानाच त्याला पिशवी घालावी लागते, फुलं वेळेत काढावी लागतात, फणीला डाग पडू न देता ती बांधापासून इथपर्यंत आणावी लागते, कापल्यापासून काही तासांत थंड करावी लागते. यातली एक कडी तुटली तर माल निर्यातीतून बाद होऊन ट्रकमध्ये जातो. आखातात आपल्या केळीला जो अडसर आहे तो आयात शुल्काचा कमी आणि थंड साखळीचा जास्त. म्हणून व्यापार करारांवर बोलताना मी विद्यार्थ्यांना आधी पॅक हाऊस दाखवते.

याच जिल्ह्यात टिश्यू कल्चरची ग्रँड नैन रोपं आणि ठिबक यांनी केळीचं रूप बदलून टाकलं. त्यामागचे उद्योजक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगावचा एक आजारी केळी-भुकटीचा कारखाना तीस लाखांना घेतला आणि तिथं पपईच्या चिकापासून पपेन काढून परदेशी पाठवायला सुरुवात केली. जळगावच्या आधुनिक शेतमाल निर्यातीची सुरुवात केळीच्या कारखान्यात झाली, पण पपईच्या चिकानं, ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते. कुठला माल परदेशात चालेल हे आधी ठरवून कळत नाही. कुणीतरी जोखीम घेऊन शोधावं लागतं. आणि एकानं शोधलं की मागून दहा जण येतात. शोधणाऱ्याला त्या शोधाची पूर्ण किंमत बाजार कधीच देत नाही, म्हणून सुरुवातीच्या काळात सरकारनं पाठीशी राहावं असा अर्थशास्त्रात एक जुना आणि मला पटणारा युक्तिवाद आहे.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्याच तांदलवाडीहून मानांकन असलेली २२ टन केळी दुबईला रवाना झाली. मग भाव वाढला का, हे मी आज एका वयस्कर शेतकऱ्याला विचारलं. त्यांनी एका वाक्यात उत्तर दिलं: “केयी दुबईले चालली बाई, पन भाव बऱ्हानपूरचाच.”

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. निर्यातीच्या केळीचा सौदासुद्धा शेजारच्या बऱ्हाणपूर मंडीच्या त्या दिवशीच्या भावाला धरून, वर काही रुपये जास्त, असा होतो. नवतीचा (नव्या लागवडीचा) भाव वेगळा, पिलबागेचा (पिलांवर घेतलेल्या पिकाचा) वेगळा, पण खुंटा बऱ्हाणपूरच. दुबईच्या दुकानातला भाव शेतकऱ्याला दिसत नाही, निर्यातदाराला दिसतो. जो भाव दिसतो त्यावरच घासाघीस करता येते. दोन बाजारांतल्या भावांची माहिती एकाच बाजूकडं असेल तर व्यापार वाढूनही वाटणी तशीच राहते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा हाच प्रश्न आहे. त्याला तो पुस्तकात सापडला नाही, घरी वडिलांच्या बोलण्यात सापडला.

साडेनऊ ते अकरा

परतीचा रस्ता. गाडीत आकडेवारीवर बोलणं. शिपिंग बिलावर मालाचा मूळ जिल्हा लिहायचा रकाना आता असतो आणि जिल्हानिहाय निर्यातीचे आकडेही निघतात. २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी प्रत्येक जिल्हा निर्यात केंद्र व्हावा असं म्हटल्यापासून या आकड्यांना महत्त्व आलं. पण बिल कुणी केलं, पॅकिंग कुठं झालं, यावर रकान्यात काय पडतं ते अवलंबून असतं. म्हणून त्या आकड्यावर विसंबून निष्कर्ष काढायचा नाही, पॅक हाऊसच्या नोंदी जुळवून पाहायच्या, असं ठरलं.

साडेअकरा

एम.ए.चा वर्ग. आज कापूस.

मी फळ्यावर गणित मांडते. एक खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, म्हणजे सुमारे ७८५ पाउंड. न्यूयॉर्कचा भाव पाउंडाला ६४ सेंट धरू, डॉलर ९० रुपये. खंडी झाली सुमारे ४५,२०० रुपयांना. किलोला १२७ रुपये. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे रुईचे झाले सुमारे ४,३०० रुपये. घट वजा जाता उरलेली सरकी ६४ किलो. तिला ३५ रुपये किलो धरले तर २,२४० रुपये. दोन्ही मिळून साडेसहा हजार. हा न्यूयॉर्कचा कोरा भाव. जहाजाचं भाडं, विमा, गिरणीपर्यंतचा खर्च चढला की आयात रुई महाग पडते, तेवढा आपल्या कापसाला आधार मिळतो. आणि आपला २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये.

आता शुल्क. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून परदेशी कापसावर एकूण ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ झालं; आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. ४,३०० चे ११ टक्के म्हणजे क्विंटलमागे पावणेपाचशे रुपये. शुल्काचा पूर्ण परिणाम खाली उतरला असं धरलं तर जास्तीत जास्त एवढा फरक पडतो. पूर्ण उतरतोच असं नाही. पण किती उतरतो, कुणाच्या खिशातून उतरतो, हे मोजणं म्हणजे आमचं काम.

मुलींपैकी बऱ्याच जणींच्या घरी कापूस आहे. आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या घरच्या क्विंटलांनी गुणत असते.

मग एकीनं विचारलं, “मॅडम, अमेरिका स्वतःच्या शेतकऱ्यांना एवढे पैसे देते, मग आपल्या हमीभावावर हरकत कशी घेते?”

या प्रश्नाला मी अर्धा तास दिला. २००२ मध्ये ब्राझीलनं अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २००५ मध्ये अपिलातही ब्राझील जिंकलं. तरी वाद मिटायला २०१४ उजाडलं, आणि मिटला तो अमेरिकेनं ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन. त्याच काळात, २००३ मध्ये, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी कापसाचा प्रश्न मांडला. अनुदानामुळं जगाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याकडं ब्राझीलसारखी खटला लढवायची ताकद नव्हती. त्यांना आश्वासनं मिळाली. भरपाई त्यांच्या वाट्याला आली नाही. मालीतला शेतकरी आणि आपला पारोळ्याचा शेतकरी एकाच भावाखाली उभे आहेत, हे खान्देशातल्या मुलांना माहीत असायला हवं.

हमीभावाची गंमत पुढं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेनं भारताच्या कापूस हमीभावावर संघटनेत प्रतिनोंद (काउंटर-नोटिफिकेशन) दाखल केली. नियम असा, की हमीभावाची तुलना आजच्या जागतिक भावाशी होत नाही, १९८६ ते ८८ या तीन वर्षांच्या संदर्भ भावाशी होते. त्या वेळच्या भावाशी आजचा हमीभाव ताडून पाहिला तर कुठलाही भाव अवाढव्यच दिसणार. ही निव्वळ अन्याय्य पद्धत आहे. ज्या देशांनी नियम लिहिले त्यांची अनुदानं वेगळ्या रकान्यात बसली आणि ज्यांनी नुसत्या सह्या केल्या त्यांचे हमीभाव नियमभंगाच्या रकान्यात. मी वर्गात मत लपवत नाही. फक्त मत आणि आकडा वेगळे मांडते.

तासाच्या शेवटी १८६० च्या दशकाकडं गेलो. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला आणि खान्देशात कपाशीचा पेरा वाढला. थळ घाटातली रेल्वे जानेवारी १८६५ मध्ये पुरी झाली. खान्देशचा कापूस थेट मुंबईला पोचायची सोय झाली. एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि भाव कोसळला. पुढं जळगावात मुळजी जेठा यांच्या पेढीनं खान्देश मिल काढली, अमळनेरला प्रताप मिल आली. कापूस इथंच कातायचा, विणायचा असा तो प्रयत्न होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, त्यातलं दुखणं हेच: कच्चा माल बाहेर, पक्का माल आत. १९५० च्या सुमारास प्रेबिश आणि सिंगर या अर्थशास्त्रज्ञांनी लॅटिन अमेरिकेच्या आणि इतर गरीब देशांच्या बाबतीत जे मांडलं, त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडं त्याचा विचार झाला होता. पाठ्यपुस्तकात हे येत नाही, म्हणून मी सांगते.

दुपारी दीड

डबा. सोबत एका डाळ मिलच्या मालकांचा फोन. तुरीच्या शुल्कमुक्त आयातीबद्दल त्यांचं मत शेतकऱ्याच्या अगदी उलट. त्यांच्यासाठी मोझांबिकची तूर कच्चा माल, शेतकऱ्यासाठी ती स्पर्धक. मोझांबिकशी तुरीचा करार २०१६ मधला. दोघंही जळगावचेच, दोघंही आपापल्या जागी बरोबर. “आयात चांगली की वाईट” असा प्रश्न मला कुणी विचारला की मी आधी विचारते, कुणासाठी आणि कोणत्या महिन्यात?

अडीच

विद्यार्थिनींसोबत पेट्या तोपालोवा यांचा २०१० चा शोधनिबंध वाचला. १९९१ नंतर भारतानं आयात शुल्क झपाट्यानं उतरवलं. ज्या जिल्ह्यांतले उद्योग-पिकं त्या कपातीच्या तोंडी जास्त होती, तिथल्या ग्रामीण भागात गरिबी इतरांपेक्षा हळू कमी झाली, असं त्यांना भारतातल्या जिल्ह्यांचे आकडे तपासून आढळलं. कारण माणसं हलली नाहीत. एका धंद्यातून दुसऱ्यात, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या सिद्धांतात कापसातून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी यंत्राच्या कारखान्यात कामाला लागतो. एरंडोलमध्ये तो फार तर मका पेरतो. देशाचा एकूण फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तो फायदा पारोळ्यापर्यंत चालत येत नाही, आणावा लागतो.

सव्वाचार

धुळ्याच्या वाटेवर, पारोळ्याजवळचं एक जिनिंग. अंगणात कापसाचे ढीग आहेत, पण हंगामाच्या मानानं कमी. आत यंत्रांमधून सरकी एकीकडं, रुई दुसरीकडं पडते. पुढं दाबून १७० किलोची गाठ बांधली जाते. मालक सांगतात, गिरण्या गाठी उचलायला घाई करत नाहीत. बंदरात शुल्कमुक्त परदेशी रुई उतरते आहे. तिचा धागा एकसारखा, कचरा कमी. खरेदीदाराला थांबून पाहायला परवडतं.

शेतकऱ्याला थांबायला परवडत नाही. वेचणीची मजुरी किलोवर आणि रोख. रब्बीची पेरणी तोंडावर, दुकानदाराची उधारी उभी. हमीभावानं विकायचं तर भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर जावं लागतं. त्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, सातबारा, पीकपेरा, मग तारीख मिळण्याची वाट. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यावर गेला तर परत. डिसेंबरच्या दवात वेचलेला कापूस वाळवायला अंगण लागतं आणि दिवस लागतात. ज्यानं शेत नफ्यानं (ठरावीक खंड देऊन) किंवा बटाईनं केलं आहे, त्याच्या नावावर सातबाराच नाही. मग उरते खेडा खरेदी. व्यापारी दारात गाडी घेऊन येतो, काटा लावतो, नोटा मोजून देतो.

हमीभाव आणि खेडा खरेदीचा भाव यांतला जो फरक आहे, ती कागदांची आणि थांबण्याची किंमत आहे. जो थांबू शकतो त्याला हमीभाव मिळतो. ज्याला हमीची सगळ्यात जास्त गरज तो मात्र बाहेर राहतो. व्यापार सिद्धांताच्या कुठल्याही आकृतीत ही किंमत दाखवलेली नसते. माझ्या मते विकसनशील देशात परदेशी भावाचा धक्का शेतकऱ्यापर्यंत किती जोरानं पोचतो, हे याच फटीवरून ठरतं.

अंगणात कापूस उतरवून बसलेल्या एका दादांना मी वजन-भाव विचारत होते. त्यांनी मलाच विचारलं, “मॅडम, एकतीस तारीख नंतर भाव काय व्हई? आते इकू का ठेवू?”

याचं उत्तर अर्थशास्त्राकडं नाही. माफी संपली तर भावाला थोडा आधार मिळेल. वाढवली तर नाही. कोणतं होईल ते एका सहीवर आहे. मी त्यांना दोन्ही शक्यता सांगितल्या आणि सगळा माल एकदम काढू नका, गरजेपुरता काढा, एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांची गरज किती आहे हे त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी साडेसहा

धुळे. एका महाविद्यालयाच्या सभागृहात शेतकरी, व्यापारी आणि विद्यार्थी यांच्यासमोर बोलायचं होतं. साक्रीकडून आलेले कांदा उत्पादक बरेच होते, म्हणून कांद्यापासून सुरुवात केली.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि श्रावण-भाद्रपदात बाहेर काढतात. १९ ऑगस्ट २०२३ ला, म्हणजे चाळी रित्या व्हायच्या ऐन वेळी, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ ला, लाल कांदा बाजारात येत असताना, निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला ती उघडली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क घेऊन. शुल्क पूर्ण उठलं ते १ एप्रिल २०२५ ला. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात अशीच एका दिवसात थांबवली होती. त्या वेळच्या कृषिमंत्र्यांनी, शरद पवारांनी, स्वतःच्याच सरकारच्या निर्णयाला उघड विरोध केला आणि आठवडाभरात बंदी सैल झाली. आठवडाभरात माल विकून बसलेल्यांचं काय झालं, हे कुठल्याही आकडेवारीत नाही.

या सगळ्या तारखा फळ्यावर लिहून शेजारी पेरणी, काढणी आणि विक्री यांचे महिने लिहिले. सभागृहात कुजबुज झाली. शेतकऱ्यांना तारखा पाठ होत्या. त्या एकत्र लिहिलेल्या पाहिल्या नव्हत्या. भाव चढला की निर्यात बंद होते आणि भाव पडला की आयात उघडी राहते. दोन्ही वेळा विक्रेत्याच्या हातात माल असताना.

एका कातणी उद्योगातल्या गृहस्थांनी उठून दुसरी बाजू सांगितली, आणि ती खरी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर आधी २५ आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के शुल्क लावलं. कपड्यांच्या मागण्या थांबल्या. बांगलादेश आणि व्हिएतनाममधल्या गिरण्या शुल्काविना रुई आणतात. आम्ही ११ टक्के जास्त भरून त्यांच्याशी कसे लढणार? गिरणी बंद पडली तर तुमचा कापूस कोण घेणार?

मी म्हटलं, मागणी योग्य आहे, मार्ग तपासू या. निर्यातीच्या मालासाठी लागणारी रुई शुल्काविना आणायची सोय आगाऊ परवान्याच्या योजनेत आधीपासूनच आहे. ती लहान गिरणीला किचकट पडत असेल तर ती सोपी करा. सरसकट माफीचा लाभ देशातल्या बाजारासाठी कातणाऱ्यालाही मिळाला, आणि तो वेचणी सुरू व्हायच्या तोंडावर, विक्रीचे सुरुवातीचे महिने व्यापून मिळाला. गिरणीचं संकट अमेरिकेनं आणलं. त्याचा भार कुणी उचलायचा हे मात्र आपण ठरवलं, आणि तो खान्देश-विदर्भाच्या कपाशीवर टाकला. सभागृहात दोन्ही बाजूंचे लोक होते, वाद तापला, पण शेवटी दोघांचंही एका गोष्टीवर जमलं: निर्णय आधी कळावा. गिरणीवाल्यालाही सहा महिने आधी कळलं तर तो खरेदी नीट आखू शकतो.

रात्री सव्वानऊ

परत जळगाव. जेवण, दिवसभराच्या नोंदी.

रात्री दहा

धोरणासाठीच्या टिपणाचा शेवटचा भाग लिहिला. त्यात तीन मागण्या आहेत. शेतमालाच्या आयात शुल्कात किंवा निर्यात नियमात बदल करायचा तर तो मे अखेरपर्यंत, खरिपाच्या पेरणीआधी जाहीर करावा आणि विक्रीचा हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावू नये. त्यातूनही अचानक बदल करावाच लागला, तर त्याच दिवशी हमीभावाची खरेदी केंद्रं उघडी असावीत आणि भावातल्या फरकाची भरपाई जाहीर व्हावी. बटाईनं करणाऱ्याला सातबाराशिवाय, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर केंद्रावर कापूस देता यावा. यातल्या पहिल्या मागणीच्या आड जागतिक व्यापार संघटनेचे नियम येत नाहीत, आणि तिला पैसाही लागत नाही.

टिपण पाठवलं. त्यात एक जागा मात्र कच्ची राहिली आहे आणि ती भरायला मला वाचकांची मदत हवी. न्यूयॉर्कचे भाव दिवसागणिक मिळतात, बाजार समितीचे मिळतात. खेडा खरेदीत शेतकऱ्याच्या हातात खरोखर काय पडलं याची नोंद कुठंच नाही. ती फक्त तुमच्या घरात आहे. काटा पावत्या, जिनिंगच्या पट्ट्या, केळीच्या कापणीचे हिशेब, कांद्याच्या पट्ट्या, कितीही जुन्या असोत, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. तारीख, वजन, भाव आणि कपात एवढं वाचता आलं तरी पुरे. तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागात त्यांची छायाप्रत नेऊन द्या, नाव झाकून दिलीत तरी चालेल.